सर्व्हर तुमचा, पण कमांड कोणाच्या डोक्यात?



मसाल्याचा धंदा करणाऱ्या कुणालाही विचारा, प्रमाण कुठे लिहिलंय? वहीत. कारागीर सोडून गेला तरी चव बदलत नाही, कारण धने किती, लवंग किती हे वहीत आहे. मग त्याच धंद्याचं ऑनलाइन दुकान ज्या सर्व्हरवर चालतं, तो सुरू कसा करायचा, बॅकअप कसा घ्यायचा, हे मात्र वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलाच्या डोक्यात का असतं? त्याला उद्या पुण्यात नोकरी लागली की तुम्ही काय करणार?

व्हिडिओत आपण एक साधं दुकान पाहिलं: भाड्याचा लिनक्स सर्व्हर, त्यावर डॉकर, एका कंटेनरमध्ये वर्डप्रेस आणि दुसऱ्यात मारियाडीबीचा डेटाबेस. कंटेनर म्हणजे चाळीतलं बिऱ्हाड समजा. इमारत एकच, म्हणजे लिनक्सचा कर्नल एकच, पण प्रत्येकाचा संसार वेगळा. डॉकर 2013 मध्ये आलं आणि तेव्हापासून ही पद्धत छोट्या धंद्यांपर्यंत पोचली.

माझं मत स्पष्ट आहे. वेबसाइटचे पूर्ण पैसे देण्याआधी डेव्हलपरकडून शेल स्क्रिप्ट लिहून घ्या. शेल स्क्रिप्ट म्हणजे काही जादू नाही. एक साधी टेक्स्ट फाइल, तिच्यात एकाखाली एक कमांड. ती तुम्हाला लिहिता आली पाहिजे असं नाही, पण वाचता आली पाहिजे. "हे टेक्निकल आहे, मला नाही कळत" असं म्हणणारे बरेच जण जीएसटीचं रिटर्न मात्र ओळ न ओळ वाचतात!

आता खरा मुद्दा, डेटा. कंटेनर हा काढून टाकून पुन्हा बनवण्यासाठीच असतो. त्याच्या आत लिहिलेलं सगळं कंटेनर काढला की जातं. ऑर्डरी, ग्राहकांचे पत्ते, फोटो हे व्हॉल्यूममध्ये असले तरच टिकतात. आणि तिथेही एक अक्षर घात करतं. 'डॉकर कंपोज डाऊन' म्हटलं की कंटेनर जातात, नाव दिलेले व्हॉल्यूम राहतात. त्याच्यापुढे 'डॅश व्ही' लावलं की व्हॉल्यूमही गेले. रात्री अकरा वाजता घाईघाईत हाताने कमांड मारणाऱ्या माणसावर तुमच्या दोन वर्षांच्या ऑर्डरी अवलंबून ठेवायच्या का? स्क्रिप्टमध्ये ती कमांड एकदाच, डोकं शांत असताना लिहिली जाते.

बॅकअपची स्क्रिप्ट मात्र नीट बघा, कारण तिथे फसवणूक होते आणि कुणी फसवत नसतं. साधारण पद्धत अशी: 'डॉकर एक्झेक'ने डेटाबेसचा डम्प काढायचा, तो पाइपने जीझिपला द्यायचा, फाइलच्या नावात तारीख टाकायची आणि क्रॉनला सांगायचं की रोज रात्री दोनला हे कर. छान. पण डम्प फसला तरी जीझिप आपलं काम चोख करतं, रिकामी गोष्टसुद्धा गुंडाळून देतं. सकाळी फोल्डरमध्ये आजच्या तारखेची फाइल दिसते आणि तुम्ही निश्चिंत. ती फाइल असते फक्त 20 बाइटची. म्हणून स्क्रिप्टच्या वरच 'सेट डॅश ई'सोबत 'सेट डॅश ओ पाइपफेल' हवं, आणि शेवटी फाइलचा आकार तपासून गडबड असेल तर मेल पाठवणारी ओळ.

हे फसतं कशामुळे? एक कारण म्हणजे इमेजपुढे 'लेटेस्ट' लिहिण्याची सवय. मारियाडीबीची इमेज 11 व्या आवृत्तीवर गेली तेव्हा त्यातून 'मायएसक्यूएलडम्प' हे जुनं नाव गेलं, 'मारियाडीबी-डम्प' राहिलं. जुनी स्क्रिप्ट तीच, इमेज नवी, आणि बॅकअप निकामी. आवृत्तीचा आकडा लिहूनच घ्या. दुसरं कारण: टर्मिनलवर चाललेली 'डॅश आयटी'वाली कमांड तशीच क्रॉनमध्ये टाकणं. क्रॉनला टर्मिनल नसतो, तिथे ती चालत नाही. 'टी' काढायचा.

आणि हो, डेटाबेसच्या डम्पमध्ये मालाचे फोटो नसतात. ते वर्डप्रेसच्या व्हॉल्यूममध्ये असतात, त्यांचा बॅकअप वेगळा. दोन्ही फाइली त्याच सर्व्हरवर ठेवल्या तर ती तिजोरीची चावी तिजोरीतच ठेवण्यासारखी गत.

कुणी कुबरनेटिसचं कोटेशन दिलं तर हसून चहा पाजा आणि पाठवा. गूगलने 2014 मध्ये ते खुलं केलं ते अनेक मशीनवर पसरलेल्या कामासाठी. तुमचं एक दुकान, एक मशीन. एक कंपोज फाइल आणि तीन स्क्रिप्ट, सुरू करण्याची, बॅकअपची आणि परत उभं करण्याची, एवढ्यावर भागतं. पासवर्ड त्यात लिहू देऊ नका, तो वेगळ्या फाइलमध्ये, फक्त मालकाला वाचता येईल अशा परवानगीने.

तिसरी स्क्रिप्ट सगळेच टाळतात. या रविवारी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आणि डॉकर टाका, कालचा बॅकअप आणा आणि डेव्हलपरला हात न लावू देता दुकान उभं करून बघा. शेवटची ऑर्डर दिसली की घड्याळ पाहा, आणि किती मिनिटं लागली ते त्याच स्क्रिप्टमध्ये हॅशचं चिन्ह टाकून तारखेसकट लिहून ठेवा.