आजीची मातृभाषा आणि सीमेवरची माणसे

२०११ च्या जनगणनेच्या वेळी मी लहान होतो. दूधगंगेच्या काठावरील सदलगा या आमच्या गावी प्रगणक म्हणून आलेले गुरुजी ओसरीवर बसून रकाने भरत होते. त्यांनी आजीला विचारले, "मातृभाषा?" आजी क्षणभर थबकली आणि म्हणाली, "आईची लिहिणार की सासूची?" तिचे माहेर कानडी, सासर मराठी. हिशेबाचे आकडे ती आजही कानडीत मोजते. जात्यावरच्या ओव्या मात्र तिला मराठीत आठवतात. गुरुजी हसले आणि रकान्यात एकच शब्द लिहून पुढच्या घरी गेले. तो शब्द कोणता होता, हे मला आजवर ठाऊक नाही.

सध्या मी गोव्यात समाजशास्त्राचा विद्यार्थी आहे. वांशिक आणि भाषिक संघर्षांवरील ग्रंथ वाचताना तो रकाना पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतो. १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक धरून नवी जनगणना होणार आहे आणि तोच प्रश्न पुन्हा दाराशी येणार आहे. आमच्या भागात या प्रश्नाच्या उत्तरावर राज्यांचे दावे उभे राहिले आहेत.

इतिहास थोडक्यात असा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्राने खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या चार तत्त्वांवर सीमाभाग मागितला. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. १९६७ च्या अहवालात त्याने निपाणी, खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला, २४७ गावे म्हैसूरला द्यावीत आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावे, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने ती नाकारली. २००४ पासून ८६५ गावांचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. दरवर्षी १ नोव्हेंबरला एकाच शहरात एका रस्त्यावर राज्योत्सवाचे लाल-पिवळे ध्वज फडकतात, तर दुसऱ्या रस्त्यावर काळ्या फिती दिसतात.

मराठी भाषकांची गाऱ्हाणी खोटी नाहीत. सातबारा उतारा, नगरपालिकेची नोटीस, दवाखान्यातील फलक आपल्याला वाचता येईल अशा भाषेत मिळावा, ही मागणी रास्त आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे संविधानाचा ३५० अ हा अनुच्छेद राज्यांना सांगतो. ही मागणी शासनाकडे आहे. प्रश्न बिघडतो तो ती मागणी शासनाला सोडून समोरच्या माणसाकडे वळते तेव्हा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये नेमके हेच घडले. बेळगाव तालुक्यातील सुळेभावी-बाळेकुंद्री भागात बसमध्ये भाषेवरून वाद झाला आणि कर्नाटक परिवहनच्या वाहकाला मारहाण झाली. त्याचे पडसाद म्हणून चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राच्या बसचालकाला काळे फासले गेले, दोन्ही राज्यांतील बससेवा थांबली आणि २२ मार्चला कर्नाटक बंद पुकारला गेला. हाल झाले ते तिकीट काढून प्रवास करणाऱ्यांचे. त्याच सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली नावाचे मूल कन्नड घरात जन्मले. पुढे कुमार गंधर्व म्हणून मराठी घराघरांत ते आपलेच झाले.

यावर 'मराठी माणूस तिथे अल्पसंख्य आहे, त्याची कोंडी समजून घ्या' असे कोणी म्हणेल. पण मग जुलै २०२५ मध्ये मुंबईलगतच्या मीरा रोडला मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराच्या थोबाडीत मारली गेली, तिचे काय? महाराष्ट्रात तर मराठी बहुसंख्य आहे. संख्याबळ उलटे, कृत्य मात्र तेच. म्हणजे कारण केवळ अन्यायात शोधून भागणार नाही.

मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे उपयोगी पडतो. ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना त्यांनी अगदी क्षुल्लक निकषावर दोन गटांत विभागले. मुलांमध्ये पूर्वीचे वैर नव्हते, आपल्या गटात कोण आहे हेही त्यांना माहीत नव्हते. तरी पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. आपल्याला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त मिळावे, असा कल दिसला. सीमाभागातील फलकांचे राजकारण पाहताना हा कल ओळखीचा वाटतो. आपल्या भाषेचे अक्षर वाढल्याच्या आनंदापेक्षा दुसरीचे पुसल्याचा आनंद मोठा ठरतो.

मग उपाय काय? एकत्र राहिल्याने पूर्वग्रह आपोआप विरतात, असा भाबडा समज आहे. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच त्याला अटी घातल्या होत्या: समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि संस्थांचा पाठिंबा. आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातील सहा शहरांचा अभ्यास करून दाखवले की, खेड्यात शेजारधर्म पुरतो. शहरात मात्र दोन्ही समाजांना एकत्र बांधणाऱ्या कामगार संघटना, व्यापारी मंडळे आणि पक्ष असतील तरच अफवेच्या रात्री शांतता टिकते.

याचे उदाहरण शोधायला मला दूर जावे लागत नाही. सदलग्याच्या शेजारच्या निपाणीत तंबाखू आणि विडी कामगार स्त्रियांनी संघटना उभारली. त्यांच्या लढ्यावर युगांतर गटाने 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा चित्रपट १९८२ मध्ये केला. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी निपाणीत रास्ता रोको केला. पोलीस गोळीबारात शेतकरी मरण पावले. तंबाखूला भाव मिळत नव्हता तो मराठी शेतकऱ्यालाही आणि कानडी शेतकऱ्यालाही. त्या रस्त्यावर मातृभाषेचा रकाना कोणी भरून घेतला नव्हता.

गोव्याच्या वाचकांना हे परके वाटू नये. १९६७ च्या जनमत कौलात या भूमीनेही विलीनीकरणाचा प्रश्न अनुभवला. १९८६ मध्ये बेळगावात कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात माणसे मेली आणि त्याच वर्षी गोव्यातही भाषेच्या आंदोलनात बळी गेले. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि मराठीच्या शासकीय वापराची तरतूद ठेवली. तो तोडगा सर्वांना समाधान देणारा नाही. पण वाद रस्त्यावरून विधानसभेत आणि वर्तमानपत्रांत आला, ही कमाई लहान नव्हे.

तरीही पूर्वग्रह येथेही आहेत. खोली शोधत असताना एका घरमालकांनी गाव विचारले आणि बेळगावकडचा म्हणताच, "म्हणजे घाटीच की," असे म्हणून विषय संपवला. चोर्ला घाटातून येणारी भाजी चालते, ती पिकवणाऱ्यांच्या मुलाला खोली मात्र मिळत नाही. म्हादईच्या पाण्याचा वाद खरा आहे आणि गोव्याने तो हिरिरीने लढावाच. पण त्याचा राग बांधकामावरील हुबळी-गदगच्या मजुरावर का निघावा?

हे लिहिताना माझा स्वतःचा गुन्हाही सांगितला पाहिजे. त्याच आठवड्यात एक मजूर मला कन्नडमधून दवाखान्याचा रस्ता विचारत होता. मित्र बरोबर होते. मी कन्नड येत नसल्याचे सोंग केले. आजीची भाषा मी चार मित्रांपुढे नाकारली, कारण 'घाटी' हा शिक्का मला पुन्हा नको होता. ज्याच्यावर शिक्का बसतो, तो दुसऱ्यावर तो उमटवायला किती लवकर शिकतो, हे मला कोणत्याही ग्रंथापेक्षा त्या दुपारी अधिक कळले.

न्यायालयाचा निकाल कधी आणि कसा लागेल, हे माझ्यासारख्या विद्यार्थ्याने सांगणे उचित नाही. सीमा इकडे सरकली किंवा तिकडे, तरी कोणती ना कोणती भाषा अल्पसंख्य राहणारच. म्हणून निकालाची वाट न पाहता करण्याजोग्या गोष्टी दोन आहेत. दोन्ही राज्यांनी आपल्या हद्दीतील भाषिक अल्पसंख्याकांना कागदपत्रे आणि शाळा त्यांच्या भाषेत द्याव्यात. सांगली-सोलापूरच्या कन्नड शाळांना जो न्याय, तोच बेळगावच्या मराठी शाळांना. आणि वाहक, दुकानदार, मजूर यांच्याकडून भाषेची जकात वसूल करणाऱ्याला, तो आपल्या भाषेचा असला तरी, आपणच आधी अडवावे.

नवे प्रगणक आमच्या ओसरीवर येतील तेव्हा आजी तिथे असावी, अशी इच्छा आहे. ती पुन्हा तेच विचारील. या वेळी मी तिच्या शेजारी बसेन आणि त्यांना सांगेन की मातृभाषेच्या रकान्यात काहीही लिहा, पण माणसाला येणाऱ्या इतर भाषांचाही एक रकाना असतो. तो रिकामा ठेवू नका.