कार्ड विकण्याआधी केबल बघा, आणि बघण्याचे पैसे घ्या



दुसरा-तिसरा मॉनिटर लावला आणि पीसी अडखळायला लागला, ही तक्रार आता फक्त गेम खेळणाऱ्या पोरांची राहिलेली नाही. फ्लेक्सवाले, लग्नाचे अल्बम करणारे, शेअर मार्केटचे चार्ट उघडून बसणारे, सीएच्या ऑफिसातले लोक, सगळ्यांच्या टेबलावर दोन-दोन स्क्रीन आल्यात. आणि तक्रार घेऊन ते दुकानात गेले की काउंटरवरून एकच उत्तर येतं, "कार्ड कमी पडतंय, मोठं टाका."

तुम्ही कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचा धंदा टाकायच्या विचारात असाल तर माझं मत स्पष्ट ऐका. हे उत्तर सगळ्यात शेवटी द्यायचं असतं. त्याआधी तपासायचं, आणि तपासण्याचे पैसे घ्यायचे.

एक केस सांगतो. एक अल्बम डिझायनर माझ्याकडे आले. हातात दुसऱ्या एका दुकानाचं २४ हजारांच्या कार्डाचं कोटेशन. तीन मॉनिटर, त्यातला मधला नवा फोर-के. तक्रार अशी की मधल्या स्क्रीनवर माऊस ओढल्यासारखा चालतो, खिडकी सरकवली की झटके बसतात, व्हिडिओ प्रिव्ह्यू उड्या मारतो. आधीच्या दुकानात त्यांनी फक्त कॅबिनेट उचलून नेलं होतं. तिथे एका मॉनिटरवर लावून बघितलं तर सगळं झकास चाललं. मग दुकानदाराने अंदाज बांधला, तीन स्क्रीनचा लोड कार्डाला झेपत नाही.

इथेच खरी मेख आहे. तीन मॉनिटरची तक्रार दुकानात बसून सापडत नाही. दोष बऱ्याचदा गिऱ्हाईकाच्या टेबलामागे, केबलच्या गुंत्यात राहिलेला असतो आणि तपासायला येतं रिकामं कॅबिनेट. अशा कामाला तुम्हीच त्यांच्या जागेवर गेलं पाहिजे.

मी गेलो. कॅबिनेट फिरवून मागे टॉर्च मारला. फोर-के मॉनिटरची केबल कार्डात नव्हतीच, मदरबोर्डच्या एचडीएमआय पोर्टला होती. कार्डावरचं एकमेव एचडीएमआय जुन्या मॉनिटरने अडवलेलं, डिस्प्लेपोर्टची केबल घरात नाही, म्हणून बसवणाऱ्याने बायोसमध्ये मदरबोर्डचं ग्राफिक्स चालू करून वेळ भागवली होती. म्हणजे सगळ्यात जड स्क्रीन सगळ्यात अशक्त ग्राफिक्सवर. वर ते पोर्ट जुन्या एचडीएमआय १.४ चं. त्यावरून फोर-के चित्र ३० हर्ट्झनेच जातं. सेकंदाला ३० वेळा चित्र बदलणाऱ्या स्क्रीनवर माऊस ओढल्यासारखाच वाटणार, त्यात कार्डाचा काय गुन्हा? विंडोजच्या अॅडव्हान्स्ड डिस्प्ले सेटिंगमध्ये तो आकडा सरळ लिहिलेला होता. कोणी उघडून बघितलं नव्हतं, एवढंच.

डिस्प्लेपोर्टची एक चांगली केबल, ६० हर्ट्झ, काम संपलं. डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय करणारे स्वस्त कन्व्हर्टर मात्र टाळा. त्यातले बरेचसे फोर-केला पुन्हा ३० वरच अडकतात.

आता कोणी म्हणेल, प्रत्येक वेळी केबलच असते का? नसते. कधी कधी कार्ड खरंच कमी पडतं, आणि ते ओळखता आलं नाही तर तुमच्या तपासणीला किंमत नाही. साधा हिशेब करा. फुल एचडी स्क्रीन म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल. फोर-के म्हणजे सुमारे ८३ लाख, बरोबर चौपट. गिऱ्हाईकाचं रोजचं काम उघडायला सांगा, अगदी रोजचंच, फोटोशॉपची मोठी फाइल आणि क्रोमचे वीस टॅब सकट. मग टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर डेडिकेटेड मेमरी बघा. ती काठोकाठ भरली असेल आणि शेअर्ड मेमरी वाढत चालली असेल, तर कार्ड आपला माल साध्या रॅममध्ये टाकतंय आणि तिथून तो हळू येतोय. अशा वेळी बिनधास्त नवं कार्ड सुचवा. पण मेमरी अर्धी रिकामी, जीपीयूचा वापर २० टक्के आणि प्रोसेसर मात्र १०० वर टेकलेला दिसला, तर नवं कार्ड घालून काडीचा फरक पडणार नाही.

एक गोष्ट नवीन मुलांना बुचकळ्यात टाकते. पीसी नुसता पडून आहे आणि कार्डाचा पंखा घरघरतोय, कार्ड तापलंय. एक मॉनिटर १४४ हर्ट्झचा आणि दुसरा ६० चा असला की काही कार्डांत मेमरीचा वेग खाली उतरतच नाही, काम नसतानाही. दुसरी केबल काढा, पंखा शांत झाला की समजा दुखणं हेच. १४४ चा मॉनिटर १२० वर आणून बघा, काही कार्डांवर तेवढ्याने भागतं. एकेक केबल काढून बघणं ही या धंद्यातली सगळ्यात स्वस्त चाचणी आहे.

बाकी धूळ, चुकीचा ड्रायव्हर वगैरे तुम्ही बघालच. जुन्या ड्रायव्हरचे अवशेष राहिलेत असं वाटलं तर सेफ मोडमध्ये डीडीयू चालवून नवा टाका.

आता पैशाचं बोलू. २४ हजारांच्या कार्डावर ऑनलाइन भावाशी झुंजून माझ्या दुकानात हजारभर रुपये सुटतात. कार्ड बिघडलं तर वॉरंटीसाठी सर्व्हिस सेंटरच्या चकरा माझ्याच. त्या दिवशी मी व्हिजिटचे ६०० घेतले, केबलचे वेगळे, काम पाऊण तासाचं. माल अडकला नाही, भांडवल गुंतलं नाही.

"सर, नुसतं बघण्याचे पैसे कोण देतं?" हा प्रश्न मला प्रत्येक बॅचला येतो. देतात, पण हातात काहीतरी द्यावं लागतं. मी अर्धं पान लिहून देतो, आधी काय होतं, नंतर काय झालं. ३० हर्ट्झ होतं, ६० झालं. मदरबोर्डला होतं, कार्डाला लावलं. निघण्याआधी त्यांच्याच हातात माऊस देतो. आणि बिलात 'तपासणी' अशी वेगळी ओळ टाकतो.

काही दुकानदार म्हणतात, कार्ड घेतलं तर तपासणी फी वजा करू. मला हे अजिबात पटत नाही. फी वजा केली की गिऱ्हाईक शिकतं, तपासणी फुकट असते. शिवाय मग तुमचाही हात कार्डाकडेच वळतो. फी ठेवायची ती दोन्ही वेळेला सारखी, कार्ड विकलं तरी आणि नाही विकलं तरी.

काही लोक ६०० ऐकून निघून जातील. जाऊ द्या. शेजारचा फुकट बघून २४ हजारांचं कार्ड विकेल आणि मदरबोर्डची केबल तिथेच राहिली तर माऊस तसाच अडखळेल. त्यातले काही परत येतात, तेव्हा टोमणा मारू नका, व्हिजिटची वेळ ठरवा.

बॅगेत एक डिस्प्लेपोर्ट आणि एक चांगली एचडीएमआय केबल, टॉर्च, ब्रश आणि ड्रायव्हरचा पेनड्राइव्ह कायम ठेवा. कार्ड खालच्या स्लॉटमध्ये बसवलंय का, तेही बघायचं असतं. तो स्लॉट दिसायला लांबलचक, पण आत बऱ्याचदा चारच लेनचा असतो. जीपीयू-झेडमध्ये ते कसं ओळखायचं, हे लिहून कळणार नाही. पुढच्या व्हिडिओत कॅबिनेट उघडून दाखवतो.