चव गावातली, वडी फजची

लोणावळ्याहून परतणाऱ्या मराठी माणसाच्या पिशवीत चिक्कीसोबत बहुधा फजचा डबाही असतो. कूपर्सच्या चॉकलेट-अक्रोड फजची चव कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तरी घाट उतरून कर्जत लाइनला लागलं की फज म्हणजे विकत आणायची गोष्ट, अशीच समजूत. नारळाची, आल्याची, दाण्याची वडी सहज थापणाऱ्या घरांनी ही समजूत का बाळगावी? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या पट्ट्यात तर फजसाठी लागणाऱ्या उत्तम चवी दाराशी आहेत. त्यासाठी इसेन्सची बाटली उघडायची गरज नाही.

मुळात फज घरगुतीच. एमेलिन हार्ट्रिज या विद्यार्थिनीने १८८८ साली अमेरिकेतल्या व्हासर कॉलेजच्या लिलावासाठी ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास फज केला होता. मुलींच्या वसतिगृहांतून ही मिठाई पसरली. साखर, दूध, लोणी आणि चॉकलेट, एवढंच तिचं भांडवल.

सगळी कसोटी पाकाची. दोन वाट्या साखर, एक वाटी सायीचं दूध, दोन चमचे लोणी आणि चिमूटभर मीठ जाड बुडाच्या पातेल्यात घ्यावं. चॉकलेटचा हवा असेल तर दोन-तीन चमचे कोको घालावा. साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावं, मग हात आवरावा. थर्मामीटर ११४ अंश सेल्सिअसच्या आसपास आला की गॅस बंद. थर्मामीटर नसेल तर आपली जुनी खूण आहेच: वाटीभर गार पाण्यात थेंब सोडायचा, त्याची बोटांत मऊ गोळी वळली की पाक झाला. त्यानंतरचा टप्पा संयमाचा. भांडं कोमट होईपर्यंत, साधारण ४५ अंशांपर्यंत, त्याला हात लावायचा नाही. गरम असतानाच घोटलं तर साखरेचे मोठे खडे धरतात आणि वडी कचकचते. निवल्यावर जोर लावून घोटलं की असंख्य बारीक कण एकदम तयार होतात आणि फज जिभेवर विरघळतो. चकाकी जाऊन मिश्रण मंद दिसू लागलं की लगेच तूप लावलेल्या ताटात ओतावं.

आता चवी. उल्हासनगरपासून सुरुवात करू. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं इथल्या लष्करी छावण्यांत उतरली, ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीची पायाभरणी झाली आणि नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. सगळं मागे टाकून आलेल्या त्या माणसांनी आपली मिठाई मात्र जपली. माव्यात शिजवलेल्या शेवेची सिंघर जी मिठाई आणि सुक्या मेव्याचा वरो तिथे आजही मिळतो. त्या वरोचाच मसाला फजला लावावा: भाजलेली खसखस, वेलची, बदाम-पिस्त्याचे जाड तुकडे. घोटणं संपत आलं की ते मिसळावेत.

अंबरनाथला महाशिवरात्रीची मोठी जत्रा भरते. तिथलं शिलाहारकालीन शिवमंदिर इसवी सन १०६० चं. उपवासाच्या त्या दिवसासाठी गूळ-दाण्याचा फज करावा. मात्र गुळाने दूध फाटतं, म्हणून दुधाऐवजी नारळाचं घट्ट दूध आणि तूप वापरावं. ही वडी साखरेच्या फजपेक्षा मऊ राहते, पण भाजलेल्या दाण्याचं कूट तिला अंग देतं.

आणि बदलापूरचं जांभूळ! माझा सगळ्यात मोठा आग्रह याच चवीसाठी आहे. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीच्या खव्यालाही ते मिळालं आहे. ही दोन मानाची पानं एका वडीत यावीत असं मला मनापासून वाटतं. बी न ठेचता गर काढावा, चमचाभर साखरेबरोबर जॅमइतका घट्ट आटवावा आणि पाक निवल्यावर, घोटण्याआधी, थोड्या परतलेल्या खव्याबरोबर घालावा. गर आधीच उकळत्या दुधात पडला तर दूध फाटतं. दुधाने जांभळाचा रंग काळपट पडतो. आटवलेल्या गरात लिंबाचे चार थेंब पिळले की तो पुन्हा खुलतो. चिमूटभर मिठाने तुरटपणाही नरमतो.

हा आग्रह केवळ चवीपोटी नाही. जांभूळ झाडावरून उतरलं की दोन दिवसही धड टिकत नाही. हंगाम मे-जूनच्या थोड्या आठवड्यांचा, त्यात पहिला जोराचा पाऊस आला की फळ मातीत. पहाटे झाडावर चढून फळं काढणाऱ्या आणि टोपल्या घेऊन रस्त्याकडेला बसणाऱ्या आदिवासी बायांना उरलेला माल संध्याकाळी पडेल त्या भावात द्यावा लागतो. एकीकडे गावात इमारती वाढताहेत आणि झाडं जाताहेत. ज्या झाडाच्या फळाला वर्षभर मागणी असते, ते झाड तोडताना मालक दोनदा विचार करतो. मानांकनाचा कागद झाड वाचवत नाही, गिऱ्हाईक वाचवतं. आटवलेला गर फ्रीझरमध्ये महिनोन्‌महिने राहतो, म्हणजे दिवाळीतही जांभळाचा फज करता येतो. आपल्या तिन्ही शहरांतले महिला बचत गट पापड-लोणच्यांच्या जोडीला हा पदार्थ नक्की घेऊ शकतात. अन्नसुरक्षेची नोंदणी करावी, वेष्टनावर बदलापूरचं नाव ठळक छापावं.

येत्या हंगामात टोपलीवाल्या मावशींकडून किलोभर जांभळं जास्तीची घ्या, भावात घासाघीस करू नका आणि त्याच दिवशी गर आटवून ठेवा.