अवजारावरचा आकडा

काडतुसे पुन्हा भरायची जुनी हातअवजारे हा टूलरूमवाल्यांच्या मासिकाचा विषय कसा काय, असे काही वाचक नक्की विचारतील. शिकार आणि बंदुका यांच्याशी आपले काही देणेघेणे नाही. शिवाय शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस तयार करणे आपल्याकडे गुन्हा आहे, तेव्हा हे वाचून कोणी घरी प्रयोग करायला बसू नये, हेही आधीच सांगून टाकतो. तरीही जुन्या डाय हाताळणाऱ्या प्रत्येकाने ही अवजारे एकदा नीट समजून घ्यावीत. जुन्या अवजारावर विश्वास कुठवर टाकायचा, हा आपला रोजचा प्रश्न, आणि तो इथे अगदी उघड्यावर आलेला आहे.

गोष्ट अमेरिकेतली. पितळी काडतुसात सगळ्यात महाग भाग पुंगळी. सत्तर टक्के तांबे, तीस टक्के जस्त; आधी कप दाबायचा, मग तो ओढायचा, तापवून मऊ करायचा, पुन्हा ओढायचा. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात किंवा वरणगावला नोकरी केलेल्यांना ही साखळी तोंडपाठ असेल. बार उडाला की दारू जळते, गोळी जाते, दारूला ठिणगी देणारा प्रायमर निकामी होतो. पुंगळी मात्र हातात राहते. १८७० च्या दशकात पश्चिमेकडच्या माळरानावरून दुकान कित्येक दिवसांच्या वाटेवर असे. तिथला शिकारी पुंगळी फेकून देणार कशी? त्याच्यासाठी बंदूक कंपन्यांनीच भरण्याची अवजारे काढली. विंचेस्टरने काढली, शार्प्सने काढली. १८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला ‘आयडियल’ कंपनी सुरू केली आणि हाच तिचा मुख्य धंदा केला. ती कंपनी पुढे मार्लिनकडे आणि १९२५ मध्ये लायमनकडे गेली. तिच्याच घराण्यातले ‘३१०’ हे पक्कडवजा अवजार नंतर कित्येक दशके विकले जात होते आणि आजही तिथले हौशी लोक ते आवडीने वापरतात.

दिसायला ते मोठ्या अडकित्त्यासारखे. एका दांड्याच्या डोक्याला आटे पाडलेले भोक, त्यात निकेल चढवलेली डाय फिरवून बसवायची. दुसरा दांडा पुंगळीच्या बुडावर दाब देतो. पहिल्या डायमध्ये पुंगळी घालून मूठ आवळली की तिची मान किंचित घट्ट होते आणि मधली सुई जळका प्रायमर बाहेर ढकलते. पुंगळी डायमध्ये अडकते, म्हणून काठाला धरून ओढणारा एक आकडाही दांड्यावर असतो. मग डाय बदलायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू घालायची, गोळी बसवायची. प्रेस नाही, टेबल नाही, बाक नाही. सगळा कारखाना खिशात. यातली मला सगळ्यात आवडणारी क्रिया प्रायमर बसवण्याची. आधी तो गुळगुळीत सरकतो, मग खळग्याच्या तळाला टेकतो, आणि टेकल्याचे तळहाताला स्पष्ट कळते. मोठ्या प्रेसची लांब तरफ हा निरोप गिळून टाकते. फिटरची नोकरी केलेल्याला यावर जास्त सांगायला नको.

हे साधे अवजार चालू शकले त्यामागे एक योगायोग आहे. १८६६ च्या सुमारास प्रायमरच्या दोन पद्धती निघाल्या. इंग्लंडच्या बॉक्सर यांच्या पद्धतीत ऐरण, म्हणजे जिच्यावर चिरडून मसाला पेटतो ती, प्रायमरमध्येच असते आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक. अमेरिकेच्या बर्डन यांच्या पद्धतीत ऐरण पुंगळीच्या बुडातच घडवलेली, भोके लहान आणि कडेला. गंमत अशी की अमेरिकन पद्धत युरोपात रुजली आणि इंग्रज पद्धत अमेरिकेत. मधोमध भोक असल्यामुळे सरळ सुई आरपार जाते आणि अडकित्त्याचे काम होते. ब्रिटिश लष्कराच्या .३०३ काडतुसात बर्डनची पद्धत होती. तिथे ही सुई बोथट होण्यापलीकडे काही साधत नाही.

मर्यादा होत्याच. हाताच्या जोराने पुंगळीची मान आवळता येते, अंग नाही. त्यामुळे त्या अवजाराने भरलेले काडतूस ज्या बंदुकीतून आधी उडाले तिच्यातच नीट बसते. दुसऱ्या बंदुकीत अडण्याची शक्यता राहते. डायचे आटेही वेगळे. आजच्या प्रेसवर चालणारे सात अष्टमांश इंच, इंचाला १४ आट्यांचे माप त्यांना नाही, म्हणून जुनी डाय नव्या प्रेसवर चढत नाही. ही मर्यादा निदान प्रामाणिक आहे. आटे जुळले नाहीत तर काम तिथेच थांबते, बोट कापत नाही.

खरा घोटाळा आकड्यांत आहे. त्या काळच्या काडतुसांची नावे बघा: .४४-४०. पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, दुसरा दारूचा, म्हणजे ४० ग्रेन. ग्रेन हा पौंडाचा सात हजारावा भाग, साधारण ६५ मिलिग्रॅम. दारू काळी होती आणि ती आकारमानाने मोजायची रीत होती, म्हणून दारूच्या जुन्या मापांवर ग्रेनचे आकडे कोरलेले असत. माप मोजते आकारमान आणि त्यावर लिहिले आहे वजन. काळी दारू हीच एक दारू होती तोवर कुणाचे काही बिघडले नाही. मग १८८० च्या दशकात बिनधुराची दारू आली. काही कारखान्यांनी मुद्दाम फुगीर दारू बनवली, जुन्या मापाने घातली तरी चालावी अशी. तिच्यामागोमाग दाट दारू आली, जिचे तेवढेच आकारमान कित्येक पट जोर करते. मापावरचा आकडा मात्र जागचा हलला नाही. त्या चाळीसच्या मापाने आजची दाट दारू घातली तर बंदूक फुटते, कधी माणूसही जातो. माप जराही झिजलेले नाही, गंजलेले नाही, आणि चुकीचेही नाही. ज्या दारूविषयी ते बोलत होते, ती दारू बदलली.

याउलट विस्कॉन्सिनच्या रिचर्ड ली यांचा संच पाहा. १९५८ साली त्यांनी घरच्या वर्कशॉपमध्ये सुरुवात केली. डाय, दांडा आणि ठोकायला हातोडी, एवढ्यावर काडतूस भरायचे. इतके स्वस्त अवजार बघून जाणत्यांनी नाक मुरडले असेल, पण त्यांच्या कंपनीच्या दारू घ्यायच्या चमच्यांवर घन सेंटिमीटर छापलेले असतात. चमचा आपल्या पोटात किती मावते एवढेच सांगतो. कोणत्या दारूचे त्यात वजन किती, हे तक्त्यात बघायचे आणि काट्यावर पडताळायचे. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणी गोष्ट हीच.

लायमनच्या गोळी ओतायच्या साच्यांवरच्या आकड्याचे मात्र दारूच्या जुन्या मापासारखेच. ४२९४२१ या साच्यातले पहिले तीन आकडे सांगतात की गोळी .४२९ इंचाची. पण निव्वळ शिसे थंड होताना जास्त आकसते, कथील आणि अँटिमनी मिसळलेले कमी. त्याच साच्यातून दोन मिश्रधातूंच्या दोन जाडीच्या गोळ्या निघतात. सराईत माणूस साच्यावर विसंबत नाही, गोळीला मायक्रोमीटर लावतो.

पुंगळीचे पितळ आतून कसे आहे, हे तर तिच्यावर लिहिलेलेच नसते. जुन्या प्रायमरमध्ये पारा असे. काळ्या दारूच्या भरपूर राखेत तो विरून जायचा. बिनधुराच्या दारूबरोबर तो पितळात शिरू लागला आणि पुंगळ्या ठिसूळ झाल्या, वरून मात्र चकचकीत. याहून मोठा धडा आपल्या मातीतला आहे. ब्रिटिश लष्कराने पावसाळ्यात हिंदुस्थानात काडतुसे तबेल्यांत ठेवली आणि पुंगळ्या आपोआप चिरू लागल्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, हवेतला ओलावा आणि ओढकामानंतर पितळात अडकून राहिलेला ताण, हे तिन्ही मिळून तडा जातो, हे मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले. उपाय म्हणून पुंगळ्या हलक्या आचेवर तापवून ताण काढायला लागले. अमोनिया असलेल्या पॉलिशने पुंगळ्या घासू नयेत असे जाणकार आजही बजावतात, ते याचसाठी.

आता आपल्या मांडणीकडे वळा. पत्रा कापायच्या पंचावर व्यास कोरलेला आहे, बाकी काही नाही. पंच आणि डायमधली फट कोणत्या जाडीच्या, कोणत्या प्रतीच्या पत्र्यासाठी ठेवली होती, हे ज्या टूलमेकरला ठाऊक होते तो निवृत्त होऊन गावी गेला. ग्राहकाने साध्या पत्र्याऐवजी जास्त ताकदीचा पत्रा पाठवला की काठाला बर्र येते, वाकवलेला भाग उलट उसळतो, आणि सगळे मिळून डायला नावे ठेवतात. काही जण लगेच ती घासायला घेतात. भोसरीत काय, सातपूरला काय, हेच चालते. डाय जुनी म्हणून टाकून देणारा आणि वडिलांच्या हातची म्हणून न मोजता लावणारा, दोघेही सारखेच चुकतात, फक्त दुसऱ्याचे नुकसान उशिरा कळते.

ज्यांच्याकडे जुन्या डाय आहेत त्यांना एकच विनंती. प्रत्येक डायला एक कार्ड बांधा: पत्र्याची प्रत, जाडी, फट, शेवटची धार कधी लावली, कोणी लावली. माहिती नसेल तर तो रकाना कोरा सोडा, अंदाजाने भरू नका. कोरा रकाना दिसला की पुढचा माणूस निदान मायक्रोमीटर उचलेल. अंकाच्या शेवटच्या पानावर कार्डाचा नमुना छापला आहे. त्याच्या झेरॉक्स काढा आणि येत्या दसऱ्याला अवजारांना हळदकुंकू लावण्याआधी सुरुवात करा.