झाकलेला कोंबडा

फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचायच्या अंकात कोंबड्यांचा विषय काढणे कित्येकांना रुचणार नाही, हे मी जाणून आहे. पण काही वर्षांपासून पाहतो आहे, आमच्यासारख्या पांढरपेशांच्या अंगणात तुळशीवृंदावनापासून दहा पावलांवर खुराडे येऊन बसले आहे. ज्या घरांत एके काळी अंडे हा शब्दसुद्धा दबल्या आवाजात उच्चारला जाई, त्या घरचे चिरंजीव आता ब्रह्मा, सिल्की आणि कडकनाथ यांच्या गोष्टी अशा सांगतात, की ऐकणाऱ्याला सोयरीक जमवण्याची बैठक चालली आहे असे वाटावे. छंद वाईट असे माझे म्हणणे नाही. माझे भांडण त्या छंदातल्या एका लबाडीशी आहे. तीत मी स्वतः सामील होतो, म्हणून आधी माझाच कबुलीजबाब.

तीन वर्षांपूर्वी नातवाला घेऊन मी आठवड्याच्या बाजारात गेलो होतो. एका पाटीत लाल, हिरवी, निळी, जांभळी पिले चिवचिवत होती. रंगपंचमी खेळून आल्यासारखी. नातू तिथून हलेना. मी चार पिले घेतली आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून घरी आणली. दिवस थंडीचे. कोवळ्या पिलाला पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, ती आईच्या पंखाखाली मिळते किंवा दिव्याखाली, हे मला कोण सांगणार? पहिल्या रात्री दोन गेली, तिसऱ्या दिवशी एक गेले. "ती आपल्या आईकडे गेली," असे मी मुलाला सांगितले. उरले एक हिरवे. त्याचा रंग पिसांबरोबर उतरला, खाली पांढरा पक्षी निघाला, तुरा तांबडा झाला, आणि एके पहाटे त्याने घसा साफ केला. शेजाऱ्यांनी आठ दिवस सोसले. नवव्या दिवशी निरोप आला. मी कोंबडा एका ओळखीच्या माणसाला देऊन टाकला आणि नातवाला म्हणालो, "तो शेतावर राहायला गेला." मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजोबा, सगळेच कसे कुठेतरी राहायला जातात?"

त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधायला मी निघालो, तेव्हा त्या रंगीत पाटीचा जन्म कुठे होतो ते कळले.

अंड्यांच्या धंद्यासाठी जी जात तयार केली आहे, तिची कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. पण उबवणी यंत्रातून पिले निघतात ती निम्मी नर, निम्मी मादी. हा नर अंडी देत नाही, आणि मांसाच्या जातीसारखा सहा आठवड्यांत दोन किलोही भरत नाही. धंद्याच्या दृष्टीने तो जन्मतःच निकामी. एका दिवसाच्या पिलाची जात बोटाने चाचपून ओळखण्याची विद्या जपान्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तयार केली आणि ती जगभर गेली. तेव्हापासून मादी एका पेटीत आणि नर दुसरीकडे. दुसरीकडे म्हणजे बहुधा मरणाकडे. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून ही हत्या कायद्याने बंद केली. तिथे आता अंड्यातच नर-मादी ओळखण्याची यंत्रे आली आहेत. आपल्याकडे त्यांतली काही पिले रंगात बुडवून मुलांच्या हातात दिली जातात. ज्याला आपण खेळणे म्हणून विकत घेतो, ती कारखान्याची फेकणावळ असते.

त्या पिलांचा प्रवास कशाच्या जोरावर होतो, तेही सांगतो. अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी पिलू उरलेला बलक पोटात ओढून घेते. त्यावर ते दोन-तीन दिवस दाण्यावाचून तग धरते. ही सोय कशासाठी? आधी निघालेल्या पिलाने मागे राहिलेल्या भावंडाची वाट पाहावी, आईला घाईने उठावे लागू नये, म्हणून. निसर्गाने भावंडांसाठी दिलेली सवलत व्यापाराने पार्सलासाठी वापरली!

"आम्ही असली पिले घेत नाही, आम्ही उत्तम जातीच्या कोंबड्या घेतो," असे छंदिष्ट मंडळी म्हणतील. त्यांनी थोडा इतिहास वाचावा. १८४९ साली अमेरिकेत बॉस्टनला कोंबड्यांचे मोठे प्रदर्शन भरले आणि त्या देशाला कोंबड्यांचा ज्वरच चढला. जॉर्ज बर्नम नावाच्या व्यापाऱ्याने १८५२ साली आपले पक्षी थेट व्हिक्टोरिया राणीला नजर केले; आणि ज्वर उतरल्यावर १८५५ साली त्याच गृहस्थाने त्या वेडाची टर उडवणारे पुस्तक लिहिले. ज्या ब्रह्माला आपण विलायती म्हणून मोजून पैसे देतो, तिचे नाव आमच्याच ब्रह्मपुत्रेवरून पडले आहे. इकडचे उदाहरण हवे असेल, तर मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०१९ साली सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरला त्याच कडकनाथाच्या नावाने शेतकऱ्यांचे पैसे बुडाल्याचे प्रकरण उघडकीला आले. पक्ष्याचा काय दोष? पण ज्वराच्या भरात विकत घेणारा नेहमी पक्षी पाहतो, पक्ष्याचा वंश कसा चालतो ते पाहत नाही.

आणि या उत्तम जातीच्या ग्राहकाचीही अट एकच असते: "आम्हाला माद्याच द्या हं, नर नको." मग त्या माद्यांचे भाऊ कुठे गेले?

माझे लहानपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेले. आमच्या बांधापलीकडे एका कुणब्याचे घर होते. त्या घरच्या काकीची कोंबडी खुडूक झाली, म्हणजे पिसे फुलवून, घशात कुरकुरत एका जागी बसून राहू लागली, की काकी टोपलीत पेंढा घालून, दहा-बारा ताजी अंडी मांडून तिला अंधाऱ्या कोपऱ्यात रवणीवर बसवी. सातव्या रात्री एकेक अंडे चिमणीच्या उजेडापुढे धरून आत शिरा धरल्या आहेत का ते पाही. वांझ अंडे बाजूला काढी. कोंबडी दिवसातून एकदा उठे, दाणापाणी करी आणि पुन्हा येऊन बसे. असे एकवीस दिवस. शेवटी शेवटी कवचाच्या आतून पिलू बोलू लागते आणि कोंबडी बाहेरून त्याला ओ देते. ते ऐकायला काकी आम्हा पोरांना हाक मारी. आम्ही टोपलीपाशी श्वास रोखून बसत असू.

घार आणि मुंगूस यांच्या तावडीतून जी पिले वाचत, त्यांतले निम्मे कोंबडेच असत. कोणता वंशाला ठेवायचा, कोणता राखणेला द्यायचा, कोणता पाहुण्यांसाठी, हे काकी आमच्यासमोर ठरवी. कोणी शेतावर राहायला जात नसे. अंड्यांचा आणि तलंगांचा पैसा काकीचा स्वतःचा. त्याचा हिशेब नवऱ्यानेही विचारायचा नाही. शेजारणीला कोंबडी हवी असेल तर ती वाट्याने मिळे: कोंबडी काकीची, राखण शेजारणीची, पिले निम्मीनिम्मी.

जुने ते सगळे सोने म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. मानमोडीची साथ आली, की काकीचे खुराडे दोन-चार दिवसांत ओस पडे. आज त्या रोगावर लस आहे आणि ती न देणारा पक्षिप्रेमी मी प्रेमी मानत नाही. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा मोठ्या शेडांबरोबर घरोघरच्या कोंबड्याही माराव्या लागल्या. परसातली कोंबडी म्हणजे निरोगी कोंबडी, ही समजूत भाबडी आहे.

आता कोणी म्हणेल, गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, तिच्याने काय व्हायचे? अहो, अंडीच हवी असतील तर ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात! तीनशे अंडी देणारी कोंबडी खुडूक बसत नाही. बसली तर तेवढे दिवस अंडी बंद, म्हणून माणसाने निवडीनिवडीने तिच्यातली आईच काढून टाकली आहे. धंद्याने ते केले, त्याचा हिशेब वेगळा. पण छंद करणाऱ्यानेही खुडूक कोंबडीला गार पाण्यात बुडवून पुन्हा अंड्यावर आणावे, हे कशासाठी? दुसरे कोणी म्हणेल, आम्ही शाकाहारी, कोंबड्यांचे काय करणार? तर त्यांना मरेपर्यंत पोसा. तेवढी जागा आणि धीर नसेल तर पोपटी रंगाचा पाट घ्या, त्यावर मोर काढा. पक्षी घेऊ नका. आणि तिसरा म्हणेल, कोंबड्याची बांग शहरात चालत नाही. कबूल! मग जिथे कोंबडा चालत नाही तिथे कोंबडीचा छंदही शोभत नाही, असे माझे रोखठोक मत आहे.

कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, असे आपण लहानपणापासून म्हणत आलो. या छंदाने कोंबडा झाकून ठेवला आहे, आणि उजाडले ते माझ्या सहा वर्षांच्या नातवाच्या तोंडून.

गेल्या वर्षी मी त्याला खरे सांगितले. त्या हिरव्या पिलाचे, आणि त्याच्या तीन भावांचेही. तो रडला. मग त्याच्या आग्रहाने एका ओळखीच्या आजींकडून आम्ही एक खुडूक कोंबडी आणली, तीही वाट्याने. अकरा अंडी ठेवली, आठ पिले निघाली. त्यांत पाच कोंबडे आहेत. चार आजींच्या वाट्याला गेले, आणि त्यांचे पुढे काय होणार हे नातवाने त्यांना विचारून घेतले. पाचवा आमच्याकडे आहे. शेजाऱ्यांकडे मी स्वतः जाऊन परवानगी मागितली. दोघांनी दिली, तिसरे अजून बोलत नाहीत. दिवाळीचा फराळ घेऊन मी आज त्यांच्याकडेच निघालो आहे.