व्हेग्रंट कोणाला म्हणायचे?

दिवाळीच्या सुट्टीत कुठे भटकून आलात, असे आपण एकमेकांना हसत हसत विचारतो. ज्याला विचारले तोही रागावत नाही. उलट चकलीचा तुकडा मोडता मोडता रायगडाच्या पायऱ्यांची नाहीतर कोकणच्या किनाऱ्याची हकिगत रंगवून सांगतो. पण त्याच सकाळी गुबूगुबू वाजवीत नंदीबैलवाला दारात उभा राहिला, की ‘कसले हे भटके लोक!’ म्हणताना आपली जीभ अडखळत नाही. हिंडणे एकच; मग एकाची ती हौस आणि दुसऱ्याचा तो दोष कसा झाला? याचे उत्तर हवे असेल तर एका इंग्रजी शब्दामागे थोडे हिंडले पाहिजे. तो शब्द म्हणजे ‘व्हेग्रंट’.

शब्द दिसायला निरुपद्रवी आहे. व्हेग्रंट म्हणजे भटकणारा, एका जागी न टिकणारा. लॅटिनमधला ‘व्हेगस’, म्हणजे भटका, हा त्याच्याच कुळातला. त्या व्हेगसचे नाव डॉक्टरांनी एका मज्जातंतूला दिले आहे. हा तंतू मेंदूपासून निघतो आणि घसा, हृदय, फुप्फुसे, पोट असे करीत साऱ्या देहात हिंडून येतो. त्याच्या हिंडण्यावरच हृदयाची गती ताळ्यावर राहते, म्हणून त्याला कोणी पकडायला जात नाही. पक्षिशास्त्रात तर व्हेग्रंट हा मानाचा पाहुणा! वाऱ्यावादळाने वाट चुकून एखादा पाखरू परमुलखात उतरला, की त्याला व्हेग्रंट म्हणतात आणि त्याच्या दर्शनासाठी हौशी मंडळी दुर्बिणी गळ्यात अडकवून कोसच्या कोस धावतात.

हाच शब्द माणसाला लावला की मात्र त्याच्या हातात बेडी येते. इंग्लंडात १५४७ साली असा कायदा झाला, की काम न करता भटकणाऱ्याच्या छातीवर तापल्या लोखंडाने ‘व्ही’ हे अक्षर डागावे आणि त्याला दोन वर्षे गुलाम करावे. तो फार दिवस टिकला नाही. पण वृत्ती टिकली. १८२४ च्या व्हेग्रन्सी ॲक्टने उघड्यावर झोपणाऱ्याला, पोटापाण्याचे साधन दाखवू न शकणाऱ्याला आणि हात पाहून भविष्य सांगणाऱ्याला एकाच माळेत ओवले. तो रद्द करण्याची तरतूद पार्लमेंटने केली ती २०२२ साली, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांनी!

साहेब इकडे आला तो हा शब्द बरोबर घेऊनच. पण गंमत पाहा. इथे काही गोरेही उपाशीपोटी भटकत. त्यांच्यासाठी १८७४ साली स्वतंत्र कायदा झाला. त्यात त्यांना ठेवायला आश्रयगृह, काम मिळवून देण्याची खटपट, आणि तेही न साधले तर बोटीने परत पाठवण्याची सोय होती. त्याच्या तीनच वर्षे आधी, १८७१ मध्ये, एतद्देशीयांसाठी जो कायदा झाला त्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. आईच्या कुशीतले मूलही संशयित! १९११ नंतर मुंबई इलाखाही या कायद्याच्या कक्षेत आला. सोलापूरला काटेरी तारांच्या आत वसाहत उभी राहिली आणि माणसे हजेरीला उभी राहू लागली. स्वातंत्र्य आल्यावरही या लोकांना पाच वर्षे थांबावे लागले. त्यांची सुटका झाली ती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी.

इथवरचे पाप साहेबाच्या माथी मारून मोकळे होता येईल. पण १९५९ साली मुंबई राज्याने जो भीक प्रतिबंधक कायदा केला, तो आपल्याच लोकप्रतिनिधींनी केलेला आहे. उदरनिर्वाहाचे साधन दिसत नाही आणि मनुष्य सार्वजनिक जागी भटकतो आहे, एवढ्यावर त्यात त्याला भिकारी ठरवता येते. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे हीदेखील भीक मागण्याचीच निमित्ते! मग वासुदेव कोण? डोंबारी, बहुरूपी, पोतराज हे कोण? लोककलेच्या महोत्सवात त्यांना नारळ द्यायचा आणि रस्त्यावर भेटले की गाडीत घालायचे, हा कुठला न्याय? हाच कायदा दिल्लीलाही लागू केला होता. तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली अनेक कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली.

कोणी म्हणेल, असे मोकाट सोडले तर चोऱ्या होतील. चोरी केली तर चोरीची शिक्षा द्या. त्यासाठी वेगळा कायदा आहे. न केलेल्या चोरीची शिक्षा चालण्याला का? आणि आपला गावगाडा तरी कुठे सोवळा होता? त्याने या लोकांकडून करमणूक घेतली, औषधी मुळ्या घेतल्या, देवीचा जागर करवून घेतला. पण पांढरीत त्यांना घराएवढी जागा दिली नाही. पाल पडायचे ते गावाबाहेर, आणि गावात काही हरवले की पहिली झडती त्या पालाची. साहेबाचे बी इथे रुजले, कारण जमीन आपण नांगरून ठेवली होती.

खरे म्हणजे हा शब्द पाय पाहतच नाही. तो खिसा पाहतो. खिशात परतीचे तिकीट असले की माणूस प्रवासी, नसले की व्हेग्रंट. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्याच्या पायांवर डोके ठेवणाऱ्या समाजाला हे माप शोभत नाही. तो शब्द वाट चुकलेल्या पाखरांसाठी खुशाल राहू द्यावा. माणसांवरून तो उतरवावा. आणि यंदा गुबूगुबू ऐकू आले, तर पसाभर धान्य घालण्याआधी त्या माणसाला एवढेच विचारावे: ‘बाबा, यंदा कुठे कुठे फिरून आलात?’ आपल्याला विचारतात ना, अगदी तसेच.