छातीतली जळजळ 'गॅस'च असेल, असे धरून बसू नका. नांदेड-लातूरकरांसाठी पहिला तास मोलाचा

छातीत दुखू लागले की आधी सोडा किंवा ॲसिडिटीची गोळी घेतली जाते. घाम फुटला तर पंख्याखाली बसायचे, थोडे पडून पाहायचे आणि सकाळी दवाखाना गाठायचा. नांदेड असो की लातूर, हृदयविकाराच्या झटक्यात हाच उशीर जिवावर बेततो.

झटका येतो म्हणजे काय?
हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत चरबीचा थर साचतो. तो फाटला की तिथे रक्ताची गुठळी होऊन रक्तपुरवठा थांबतो. साधारण अर्ध्या तासात हृदयाचा स्नायू मरू लागतो. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही.

कमावत्या वयातच का?
52 देशांतील 'इंटरहार्ट' अभ्यासानुसार दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी येतो. इतरत्र 59 च्या आसपास. म्हणजे मुलांचे शिक्षण आणि घराचे हप्ते सुरू असतानाच. याच अभ्यासाने 2004 मध्ये धोक्याशी निगडित नऊ घटक दाखवले: धूम्रपान, रक्तातील घातक चरबी, उच्च रक्तदाब, मधुमेह, सुटलेले पोट, मानसिक ताण, फळे-भाज्यांची कमतरता, मद्यपान आणि व्यायामाचा अभाव. तंबाखू चघळणाऱ्यांनाही धोका असतो, त्यामुळे चुना-तंबाखूची चिमूट निरुपद्रवी नाही.

शहरात धोका जास्त?
2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासात मधुमेहाचे प्रमाण शहरांत 16.4 टक्के, तर ग्रामीण भागात 8.9 टक्के आढळले. उच्च रक्तदाब 35.5 टक्के प्रौढांना होता. दिवसभर गल्ल्यावर किंवा खुर्चीत बसणे, कोपऱ्यावरच्या दुकानालाही दुचाकीवर जाणे, रात्री उशिरा जेवणे, त्यात लोणचे-पापडाचे मीठ. हे सारे हळूहळू साचत जाते.

कोणती लक्षणे ओळखावीत?
छातीवर दडपण, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, दम लागणे, थंड घाम. मधुमेही आणि महिलांमध्ये छातीत न दुखता नुसती मळमळ किंवा थकवाही जाणवू शकतो. अशा वेळी स्वतः गाडी चालवू नये. 108 वर फोन करावा आणि ईसीजीची सोय असलेले जवळचे रुग्णालय गाठावे. दोन तासांत अँजिओप्लास्टी शक्य नसेल, तर योग्य रुग्णांना गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले जाते. ते जितके लवकर, तितके हृदय वाचते. खर्चाच्या भीतीने थांबू नये. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे.

यंत्रणेचे काम काय?
सारा भार रुग्णावर टाकून चालणार नाही. किनवट, माहूर किंवा उदगीरच्या रुग्णाला जिल्ह्याचे ठिकाण गाठायलाच बराच वेळ जातो. म्हणून तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत ईसीजी आणि हे इंजेक्शन चोवीस तास मिळायला हवे. नांदेड आणि लातूर महापालिकांनी वस्त्यांमध्ये सायंकाळी, कामावरून परतणाऱ्यांना सोयीच्या वेळी, रक्तदाब-साखर तपासणी ठेवावी. 2012 पासून राज्यात असलेली गुटखाबंदी पानटपरीवरही दिसली पाहिजे.

तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. त्यासाठी दुखण्याची वाट पाहण्याची गरज नाही.